पाय उचलला की गाडी अडते

साताऱ्यात कुणालाही सांगून बघा की इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार चाललाय, पहिला प्रश्न ठरलेला, घाट चढंल का. किंमत नंतर, रेंज नंतर, बॅटरी किती वर्षं टिकंल हे तर त्याच्याही नंतर, आधी घाट. आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, कारण इथनं बहुतेक कुठंही निघा, घाट आडवा पडलेलाच आहे. पुण्याहून परत यायचं तर खंबाटकी, महाबळेश्वरला मेढ्यावरनं गेलं तर केळघर, वाईवरनं गेलं तर पसरणी, चिपळूणला जायचं तर कुंभार्ली, आणि पाहुणे आले, त्यांना कास दाखवायचं म्हणलं की समर्थ मंदिराच्या पुढं लगेच यवतेश्वरचा घाट सुरू. सपाटीला कुठली गाडी किती पळते ते सोलापूरवाल्यांनी बघावं, आमच्याकडं गाडीची परीक्षा चढालाच होते.

तर मी टेस्ट ड्राइव्ह घेऊन आले, यवतेश्वरपर्यंत जाऊन आले, आणि आल्यापासनं जो तो विचारतोय चढली का. हो, चढली. त्यात सांगण्यासारखं खरंच फार काही नाही. मला सांगायचंय ते उतरतानाचं.

पण आधी थोडं मागचं. माझी नोकरी कराडला, रोजचं जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, त्यात शेंद्र्यापासनं पुढं हायवेचं सहापदरीकरण चाललेलं, डायव्हर्जन आणि धूळ. घरची पेट्रोल गाडी आता म्हातारी झालीय, आणि नवऱ्याला मोबाइलवर हिशोब मांडायची भारी हौस, त्याने एके रात्री पेट्रोलचा वर्षाचा आकडा काढून दाखवला आणि मग झोपायला गेला. मी जागीच. शोरूममध्ये मात्र तो आला नाही, म्हणला चालवणार तू, बघ तू. मी बरोबर घेतलं तात्यांना.

तात्या म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपोला, सगळी नोकरी घाटात गेली. एसटीत ड्रायव्हरची लायकी केपीटीएलवर मोजायचे, म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर. आपण लिटरला किती देते विचारतो, एसटी दहा लिटरला विचारते. तात्यांचा केपीटीएल चांगला असायचा आणि त्याचा त्यांना अजून अभिमान आहे, कुणाच्याही गाडीत बसले की अर्ध्या तासात त्या माणसाच्या पायाबद्दल मत तयार. जावयाच्या पायाबद्दलचं मत इथं लिहीत नाही.

आणि तात्या गाडी कानाने चालवायचे. लहानपणी मी त्यांच्या पाठीमागच्या सीटवर बसून कुंभार्ली उतरलेय, तेव्हा बघितलंय, त्यांचं मीटरकडं लक्षच नसायचं. आवाज जड झाला की डबल क्लच मारून खालचा गिअर, आवाज मोकळा झाला की वरचा. इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं आणि तसं करायचं, एवढंच. म्हणून मला खरं बघायचं होतं की ज्या गाडीला आवाजच नाही तिच्यात हा माणूस काय करतो.

शोरूम हायवेला. कुठली कंपनी, कुठलं मॉडेल ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर मूळ विषय राहतो बाजूला आणि आमची चांगली का तुमची चांगली सुरू होतं. मधल्या आकाराची, पंचेचाळीस युनिटची बॅटरी असलेली गाडी आहे एवढं पुरे. आत गेल्या गेल्या सेल्सच्या पोराने विचारलं, "मॅडम, सर नाही आले?" मी म्हणलं नाही, आणि येणारही नाहीत. पुढचा पाऊण तास तो बॅटरीचं सगळं तात्यांना सांगत होता आणि रंग कुठला आवडेल ते मला विचारत होता. गाडी चालवायला बसल्यावर जरा सुधारला. पोरगं तसं चांगलं होतं, शिकवलेलंच तसं असावं.

तात्यांनी पहिली मागणी केली, बॉनेट उघडा. उघडलं तर आत काळं प्लॅस्टिकचं झाकण, नारिंगी जाड वायरी, आणि कोपऱ्यात आपल्या नेहमीच्या गाडीत असते तसली छोटी बारा व्होल्टची बॅटरी. तात्या तिच्याकडं बोट करून म्हणले, "हिच्यावर तीनशे किलोमीटर?" पोराने समजावलं की ही नुसती दिवे, लॉक, वायपर, स्क्रीन यांच्यासाठी, खरी बॅटरी खाली फ्लोअरमध्ये, पुढच्या चाकापासनं मागच्या चाकापर्यंत पसरलेली. तात्या गुडघे धरून खाली वाकले आणि गाडीच्या पोटाखाली बघून आले. जो माणूस एकेकाळी आपली प्रिया स्कूटर दर रविवारी अंगणात उघडून बसायचा (ती प्रिया साताऱ्यातलीच, महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना आपल्या एमआयडीसीत होता, १९७५ साली निघालेली कंपनी) त्याला झाकण असलेली गाडी म्हणजे अपमानच वाटणार. "म्हंजे आपण कायबी करायचं न्हाय हितं," असं म्हणून त्यांनी बॉनेट स्वतःच्या हाताने बंद केलं.

बटण दाबलं, काही झालं नाही, म्हणजे झालं होतं पण कळलं नाही, वगैरे वगैरे. इलेक्ट्रिक गाडीबद्दल लिहिणारे सगळे या शांततेबद्दल चार पानं लिहितात, मी लिहीत नाही. एकच सांगते. राजपथाने मोती चौकाकडं जाताना आपल्या गावात लोक गाडी डोळ्यांनी बघत नाहीत, पाठीमागनं आवाज आला की बाजूला होतात. या गाडीचा आवाज येत नाही म्हणून कुणी बाजूलाच होईना. एक काकू पिशवी घेऊन बरोब्बर गाडीच्या पुढनं चाललेल्या, निवांत, मी मागं मागं, हॉर्न द्यायला लाज वाटावी इतकी जवळ, शेवटी तात्यांनी काच खाली करून "ओ ताई, गाडी हाय मागं" म्हणून सांगितलं. त्या दचकून वळल्या आणि म्हणल्या, कवापासनं? गर्दीच्या गावात हा खरा प्रॉब्लेम आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

बाकी गावात चालवायला ही गाडी म्हणजे आराम. क्लच नाही, गिअर नाही, पोवई नाक्याला सिग्नलसारखं थांब-चाल थांब-चाल करताना डावा पाय नुसता बसून. सीट उंच, पुढचं सगळं दिसतं. मागं मात्र बसून बघितलं तर गुडघे वर येतात, कारण बॅटरी फ्लोअरमध्ये असल्यामुळं पायाखालची जमीनच उंच झालीय, आणि सीट तेवढी उंच केलेली नाही. मांडीला आधार नाही. कोल्हापूरपर्यंत मागं बसायचं म्हणलं तर सासूबाई पहिल्या टोलनाक्यालाच बोलायला लागतील. आणि सगळं त्या टचस्क्रीनमध्ये कोंबलंय, एसीचा पंखा कमी करायचा तरी तिथं जाऊन शोधा, ते मला अजिबात आवडलेलं नाही. साधी गोल खुंटी द्यायला काय जातं?

समर्थ मंदिरापासनं डावीकडं बोगद्याचा रस्ता सोडला आणि यवतेश्वरच्या चढाला लागलो. पोरगा मागनं म्हणला मॅडम, स्पोर्ट मोडला टाकू का. मी म्हणलं नको, आधी आहे तशीच बघू. चढाला समोर विटांनी भरलेला टेम्पो, धूर सोडत, वळणावळणावर जीव काढत चाललेला. आमच्या जुन्या गाडीत अशा वेळेला माझं एक ठरलेलं गणित असतं, सेकंड टाकायचा, एसी बंद करायचा, वळण संपायची वाट बघायची, मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचं आणि मग पाय दाबायचा. इथं सरळ पट्टा दिसला, पाय दाबला, आणि टेम्पो मागं गेलासुद्धा. मोटारीचा सगळा जोर पहिल्या क्षणापासनं मिळतो, इंजिनासारखं आधी फिरून फिरून तयार व्हायला लागत नाही, हे वाचलेलं होतं, पण वाचलेलं वेगळं आणि पाठीला सीट लागणं वेगळं. वळणावर गाडी कलंडल्यासारखीही होत नाही, कारण सगळं वजन खाली.

तात्या गप्प होते. मग विचारलं, "आत्ता कुठल्या गिअरात हाय?"

पोरगा म्हणला, "काका, एकच गिअर असतो याला."

"मग चढाला?"

"तोच."

"आन् उतरताना?"

"उतरताना पण तोच काका."

तात्या माझ्याकडं बघून हसले. एसटीत नव्या ड्रायव्हरला घाटाचा पहिला नियम सांगतात, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं. म्हणजे उताराला गाडी इंजिनाने धरायची, ब्रेकने नाही. न्यूट्रल मारून डिझेल वाचवायला जाणाऱ्याचं पुढं काय होतं ते कुंभार्लीच्या दरीत बघायला मिळायचं. तर इतकी वर्षं पोरांना ओरडून ओरडून जो नियम शिकवला तो या गाडीने जन्मतःच पाळलेला, दुसरा पर्यायच नाही तिच्याकडं. मला वाटतं तिथंच तात्यांचं मत थोडं हललं.

वर पोचलो, चहा घेतला. खाली अजिंक्यतारा आणि सगळं गाव पसरलेलं. स्क्रीनवर निघताना एकाहत्तर टक्के होते, वर आलो तेव्हा चौसष्ट. सात टक्के म्हणजे तीन युनिटपेक्षा थोडं जास्त. जेवढं अंतर आलो त्या मानाने हा खर्च जास्त आहे, सपाटीला याच्या निम्म्यात काम झालं असतं. हे बघून मला एकदम काहीतरी कळल्यासारखं झालं. इतकी वर्षं या घाटाने पेट्रोल गाडीतनं वर येतोय, पण घाट आपल्याकडनं किती घेतो हे कधी दिसलंच नव्हतं. पेट्रोलचा काटा एवढ्याशा फरकाला हलत नाही, हलला तरी आपण म्हणतो संपतंय, भरायला पाहिजे. इथं प्रत्येक चढाची पावती हातात येते.

घरी आल्यावर मी गणितच मांडलं, नवऱ्याची सवय लागलीय. सातारा साधारण सातशे मीटरवर, कासचं पठार बाराशेच्या आसपास. गाडी आणि आत तीन माणसं मिळून सतराशे किलो धरा. सतराशे किलो पाचशे मीटर वर उचलायला सव्वादोन-अडीच युनिट वीज लागते, नुसतं उचलायला, रस्त्याचं घर्षण, हवा, एसी सगळं सोडून. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलमधली जेमतेम पंचवीस-तीस टक्के ताकद चाकापर्यंत जाते, बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधनं आणि सायलेन्सरमधनं बाहेर, म्हणजे कासपर्यंतच्या त्या नुसत्या उचलण्यालाच लिटरभर पेट्रोल जातं. आणि उतरताना त्यातला एक थेंबसुद्धा परत येत नाही. उलट आपण ब्रेक दाबून दाबून ती सगळी कमाई चाकाच्या ड्रमला आणि डिस्कला देऊन टाकतो, तापवून. पावसाळ्यात ट्रक उतरताना लायनिंग जळल्याचा वास येतो ना, तो तोच. चढताना घेतलेलं डिझेलच जळतंय दुसऱ्यांदा.

तर उतरताना. पोराने सांगितलं की स्टिअरिंगच्या मागं दोन पट्ट्या आहेत, त्याने रीजन, म्हणजे पाय उचलल्यावर गाडी किती अडायची ते, कमी-जास्त होतं, शून्यापासनं तीनपर्यंत. मी तीनवर टाकलं. घाटाच्या तोंडाशी आले, ॲक्सिलरेटरवरनं पाय उचलला, आणि गाडी अडली. म्हणजे थांबली नाही, पण कुणीतरी मागनं धरून ठेवल्यासारखी झाली, तात्या पुढं झुकले, मागचा पोरगा "हळूहळू मॅडम" म्हणला. पाय हळू सोडायला शिकायला लागतं, एका दमात उचलला की मागच्याला पोटात ढवळतं. दोन वळणांत मला जमलं. मग वरनं खालपर्यंत पूर्ण घाट मी जवळजवळ एकाच पायाने उतरले, थोडा दाबला की गाडी सुटते, थोडा सोडला की गाडी धरते, ब्रेकला पाय लावला तो फक्त एका म्हशींच्या कळपाला.

होतं काय, की पाय उचलला की मोटार उलटं काम करायला लागते. आधी बॅटरी मोटारीला फिरवत होती, आता चाकं मोटारीला फिरवतात आणि मोटार वीज तयार करून बॅटरीत पाठवते. जुन्या सायकलला डायनामो असायचा बघा, रात्री तो चाकाला टेकवला की दिवा लागायचा आणि सायकल एकदम जड व्हायची. तसंच हे. तो जडपणाच इथं ब्रेकचं काम करतो, आणि त्यातनं निघालेली वीज फुकट जात नाही.

आता पोरगा म्हणत होता मॅडम, उतरताना चार्ज होते गाडी, तर त्यातली खरी गोष्ट ही, की खाली आलो तेव्हा चौसष्टचे पासष्ट झाले होते. एक टक्का. एवढंच. सोशल मीडियावर लोक सांगतात घाट उतरलो आणि फुकटात गाडी भरली, तसलं काही होत नाही. चढताना घेतलेलं सगळं परत मिळत नसतं, कारण उतरतानाही गाडी चालायला खर्च आहेच आणि वीज येताना-जाताना थोडी गळतेच. पण मला तो एक टक्का महत्त्वाचा वाटला नाही. सगळा घाट उतरून आलो आणि खर्च शून्याच्या खाली आला, ब्रेक न वापरता, हे महत्त्वाचं वाटलं.

आणखी एक, जे पोराने सांगितलं नाही पण सांगायला पाहिजे होतं. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर हा प्रकार नीट होत नाही, कारण वीज ठेवायला जागाच नसते. तुम्ही वर यवतेश्वरला राहात असाल किंवा कासला रिसॉर्टवर रात्रभर गाडी चार्जिंगला लावून सकाळी पूर्ण भरून उतरायला निघाला, तर पाय उचलल्यावर गाडी कमी अडते आणि साध्या ब्रेकवर भिस्त येते. वर राहणाऱ्याने नव्वदला थांबवावं. आपल्या जिल्ह्यात हे गाडीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायला पाहिजे.

घाट संपल्यावर तात्या म्हणले, जरा बाजूला घे. घेतली. मला वाटलं मळमळतंय. ते खाली उतरले, पुढच्या चाकापाशी बसले आणि रिमजवळ उलटा हात नेला, न टेकवता, जसा तव्याचा अंदाज घेतात तसा नाही, अजून जपून. मग मागच्या चाकापाशी. मग परत पुढच्या. घाट उतरला की डेपोला पोचायच्या आधी एकदा चाकं बघायची ही त्यांची नोकरीतली सवय, कुठलं चाक जास्त तापलंय त्यावरनं कुठला ब्रेक धरतोय ते कळतं आणि मग वर्कशॉपमध्ये तक्रार लिहायची. उठले, हात झटकले आणि पोराला म्हणले, "गार हाय की रं." पोराला त्यात काय विशेष ते कळलं नाही, तो म्हणला हो काका, ब्रेक पॅड पण जास्त टिकतात. मला कळलं. शोरूममधनं निघाल्यापासनं तात्यांनी या गाडीचं केलेलं ते पहिलं कौतुक होतं.

परत येताना ते जरा बोलायला लागले. एसटीचं सांगितलं, की एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर सुटली होती आणि इलेक्ट्रिक शिवाई काढली तीही १ जूनलाच, २०२२ ला, त्याच पुणे-नगर रस्त्याला. मी म्हणलं बघा, एसटीने पण विश्वास ठेवला. तर म्हणले, "नगरचा रस्ता सपाट हाय."

मग कोयनेवर आले. कुंभार्लीने चिपळूणला जाताना कोयनेच्या वीजघरातली माणसं त्यांच्या गाडीत असायची, पोफळीला उतरायची. शिवसागर जलाशयाचं पाणी डोंगराच्या पोटातनं बोगद्याने पलीकडं कोकणात पाडायचं आणि त्या पडण्यातनं वीज काढायची, सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट. तात्यांच्या मते त्यामुळं ही गाडी साताऱ्याच्या पाण्यावर चालणार. ऐकायला छान वाटतं, पण मी त्यांना सांगितलं की तसं नाही, देशातली बहुतेक वीज अजून कोळशाची आहे, कोयना जास्त करून मागणी वाढते त्या वेळेला चालवतात, आणि मी रात्री अकराला गाडी लावणार तेव्हा तारेतनं येणारी वीज मुख्यतः चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणच्या कोळशाचीच असणार. धूर साताऱ्यात नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी गावात. इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणजे आपण पर्यावरणाचे उपकारकर्ते झालो असं मानणारे लोक मला झेपत नाहीत. इंजिनापेक्षा मोटार कितीतरी कमी वाया घालवते म्हणून गोळाबेरीज बरी पडते, इतपतच खरं.

तरी तात्यांच्या बोलण्यात एक धागा आहे. या भागात उंचीचा उपयोग करून घेणं नवीन नाही. कासच्या तलावाचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने साताऱ्याच्या नळाला येतं, पार ब्रिटिशांच्या काळापासनं. कोयना पडत्या पाण्यावर. चाळकेवाडीच्या पठारावर वाऱ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्या. फक्त गाड्याच अशा होत्या की वर जाताना पैसे घ्यायच्या आणि खाली येताना पण पैसे घ्यायच्या.

आता व्यवहाराचं. कंपनीच्या कागदावर साडेचारशेच्या वर रेंज लिहिलीय, पोरगा स्वतः म्हणला मॅडम तीनशे धरा, त्याचा हा प्रामाणिकपणा आवडला. पेट्रोल गाडी हायवेला जास्त देते आणि गावात कमी, इथं उलटं आहे, गावात थांब-चालमध्ये जास्त आणि हायवेला शंभरच्या पुढं गेलं की आकडा पटापट पडतो. कराडला जाऊन-येऊन शंभर, म्हणजे मध्ये चार्जिंगचा प्रश्नच येत नाही, एक दिवसाआड रात्री लावली की झालं. किलोमीटरचं बघायला गेलं तर एका युनिटमध्ये सहा-साडेसहा धरा, चार्जिंगमधली गळती पकडून, युनिटला दहा रुपये जरी धरले तरी शंभर किलोमीटरला दीडशे-पावणेदोनशे. पेट्रोलला तेवढ्यातच सहाशे-सातशे जातात. पण महिन्याला चारशे युनिट घरच्या मीटरवर वाढली की बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, हे हिशोबात धरायचं लोक विसरतात. वेगळं मीटर घेता येतं, छतावर सोलर बसवलं तर आणखी बरं, तीन किलोवॉटला केंद्राची ७८,००० रुपये सबसिडी आहे, फक्त आपल्याकडचा पावसाळा लक्षात घ्या, जून ते सप्टेंबर सूर्यनारायण रजेवर.

टोलचं एक खुपतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे ती अटल सेतूला, समृद्धीला, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला. माझ्या रस्त्यावर तासवड्याचा टोल आहे, तो भरायचाच. माफी मुंबईकडनं सुरू होते आणि आमच्यापर्यंत यायच्या आधी संपते, नवीन काही नाही.

बॅटरीची भीती मला फारशी वाटत नाही. बहुतेक कंपन्या निदान आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी देतात. पेटण्याचं म्हणाल तर २०२२ च्या उन्हाळ्यात ज्या बातम्या आल्या त्या बहुतेक स्कूटरच्या, त्यानंतर बॅटरीचे नियम कडक केले. खरी अडचण जिथं गाडी उभी राहते तिथली आहे. आमचं पार्किंग बिल्डिंगच्या मागं, मीटर पुढच्या जिन्याखाली, मधे चार लोकांच्या गाड्या आणि एकाच्या कुंड्या. वायर कुठनं न्यायची, अर्थिंग नीट आहे का, लोड वाढवून घ्यायला लागेल का, आणि सोसायटीत ज्यांना अजून स्वतःचा पार्किंग नंबर मान्य नाही त्यांना माझी वायर मान्य होईल का. वायरमन येऊन बघून गेला, अर्थिंग नवीन करायला लागंल म्हणला. कुंड्यांबद्दल काही बोलला नाही.

घरी सगळ्यांनी तात्यांना विचारलं, मग, घ्यायची का? तात्या म्हणले, रिकामी गाडी चढली त्यात कसलं कौतुक, तीन माणसं म्हंजे काय लोड हाय व्हय. एसटी घाटाला लावायची ती भरून. तर आता त्यांनी शोरूमला स्वतः फोन करून दुसरी टेस्ट ड्राइव्ह ठरवलीय, या वेळेला केळघर घाट, पाच माणसं, म्हणजे तात्या, मी, नवरा, सासूबाई आणि कोरेगावची आत्या, जिचं एकटीचं वजन दोघांएवढं धरायचं असं तात्यांचं म्हणणं, आणि डिकीत दोन पोती गहू. पोराला सहाव्याला जागा नाही म्हणून तो मागनं मोटरसायकलवर येणार. त्याने साहेबांना विचारून होकार दिला, फक्त गहू नको म्हणला, डिकीचं कार्पेट नवीन आहे. तात्यांनी एका पोत्यावर तडजोड केलीय.